स्पंज डार्टची बंदूक : दम वाढवायचा तर आधी वायसर बघा, स्प्रिंग नंतर

भालकी, प्रतिनिधी : बहीण उदगीरला दिलेली आहे. सुट्टी लागली की भाचा बसमध्ये बसतो आणि तासा-दीड तासात आमच्या दारात. राज्य बदलतं, पण पोराला त्याचं काही नाही. यावेळी पिशवीतून त्यानं जत्रेत घेतलेली निळी-केशरी बंदूक काढली. स्पंजची गोळी, पुढं रबरी टोक, मागचा दांडा ओढायचा आणि चाप दाबायचा. दुकानात फळ्यावर ठेवलेले ग्लास पटापट पाडत होती म्हणे. घरी आल्यावर गोळी चार पावलांवर पडायला लागली.

"मामा, ह्याच्यात दमच नाही. स्प्रिंग टाइट बसवू या की."

मी बी.कॉम. झालेला माणूस. पण सायकलचा पंप, हातपंप आणि कुकर या तीन गोष्टींची दुरुस्ती बघत लहानाचा मोठा झालो. बंदूक उघडली तेव्हा आत नवीन काहीच नव्हतं. सायकलचाच पंप, फक्त हाताऐवजी स्प्रिंग दट्ट्या ढकलते. त्या आठवड्यात आम्ही ती चार वेळा खोलली, एकदा मोडली, एकदा शेजाऱ्यांशी भांडण होता होता राहिलं. त्यातून जे कळलं ते लिहितोय, कारण बिदरपासून अक्कलकोटपर्यंत, देगलूरपासून आळंदपर्यंत ही खेळणी आता घरोघरी आहेत, आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून ती उघडणारी पोरंही.

हवा नेमकी काय करते

पोरं सगळ्याच बंदुकांना 'नर्फ' म्हणतात. नर्फ हे एका अमेरिकन ब्रँडचं नाव. १९६९ साली घरात खेळता येईल असा स्पंजचा चेंडू म्हणून ते बाजारात आलं. स्पंजच्या गोळ्यांच्या बंदुका पुढं आल्या, १९९० च्या सुमाराला. आपल्याकडच्या जत्रेत मिळतात त्या बहुतेक त्याच्या नकला, पण आतली रचना तीच.

तीन जाती असतात. पहिली स्प्रिंगची. दांडा ओढला की स्प्रिंग दबते, चाप दाबला की दट्ट्या पुढं धावतो, नळकांड्यातली हवा दाबली जाते आणि ती हवा गोळीला नळीतून बाहेर फेकते. म्हणजे गोळीला ढकलते ती हवा, स्प्रिंग नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं गणित यावर आहे. दुसरी पंपाची. आधी पाच-दहा वेळा हवा भरून ठेवायची, मग एकदम सोडायची. तिसरी बॅटरीची, तिच्यात हवेचा संबंध नाही. दोन चाकं गरगर फिरतात आणि गोळीला चिमटीत धरून फेकतात.

स्प्रिंगच्या बंदुकीचा आजोबा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हातात धरलेला आहे. बांबूची पोकळ नळी, तिच्यात बसणारी काडी, आणि ओल्या कागदाचा लगदा. एक बोळा पुढच्या तोंडाशी बसवायचा, दुसरा मागून काडीनं रेटायचा. मधली हवा दबत दबत जाते आणि पुढचा बोळा 'फट्' करून उडतो. जगदलपूरला बस्तरच्या गोंचा उत्सवात आजही अशा बांबूच्या नळ्या वाजतात, त्यांना तुपकी म्हणतात, आणि बोळ्याऐवजी मालकांगणीची फळं वापरतात. रथयात्रेच्या वेळी देवाला दिलेली ती सलामी असते.

हवा दाबली की तिचा दाब वाढतो, जागा निम्मी केली की दाब दुप्पट, हे रॉबर्ट बॉईलनं १६६२ मध्ये मांडलं. शाळेत पाठ केलेलं असतं. बांबूच्या नळीत मात्र ते अंगठ्याला कळतं.

हवा दाबून खेळणं बनवायचं डोकं मोठ्या प्रमाणावर ज्यानं चालवलं तो माणूस अवकाश संशोधनातला होता. लॉनी जॉन्सन, अमेरिकेतला कृष्णवर्णीय अभियंता. १९८२ मध्ये घरी बाथरूममध्ये तो एका उष्मापंपाची चाचणी घेत होता. नळाला जोडलेल्या नोझलमधून पाण्याची धार सुटली आणि त्याला खेळण्याची कल्पना आली. १९९० मध्ये ती पिचकारी बाजारात आली, पुढच्या वर्षी तिला 'सुपर सोकर' नाव मिळालं. होळीला आपल्याकडे पाठीवर टाकी असलेल्या ज्या मोठ्या पिचकाऱ्या दिसतात, त्या त्याच वाटेवरच्या. स्पंज-गोळीच्या बंदुकांतही त्याचा हात आहे. रॉयल्टी कमी दिली म्हणून त्याच्या कंपनीनं हॅसब्रोविरुद्ध दावा लावला आणि २०१३ मध्ये लवादानं जवळपास ७ कोटी २९ लाख डॉलर द्यायला लावले. खेळण्यातला पैसा खेळण्यासारखा नसतो, एवढंच कॉमर्सवाला म्हणून नोंदवतो.

आधी गळती शोधा

पोराला स्प्रिंग बदलायची घाई होती. मी म्हटलं, थांब. हातपंपाला पाणी येत नसलं की मेस्त्री दांडा बदलतो का? आधी वायसर बघतो.

गळती तपासायची रीत सोपी आहे. गोळी न घालता दांडा ओढा, नळीचं तोंड अंगठ्यानं घट्ट बंद करा आणि चाप दाबा. दट्ट्या अडखळत, हळूहळू पुढं सरकला तर हवा आत कोंडली जातेय, म्हणजे सील चांगलं. दट्ट्या 'ठक्' करून एका झटक्यात पुढं आदळला तर हवा बाजूनं पळतेय. आमच्या बंदुकीत सरळ 'ठक्' झालं. स्प्रिंगची अर्धी ताकद हवा गाळण्यात जात होती. अशा बंदुकीला दुप्पट कडक स्प्रिंग लावली तर हवा दुप्पट जोरात गळेल, दुसरं काही नाही.

स्क्रू काढताना मोबाईलवर प्रत्येक थराचा फोटो घ्या. झाकण उचललं की बारीक स्प्रिंगा उडतात आणि पलंगाखाली जातात, हा अनुभवाचा बोल. दट्ट्याच्या टोकाला एक खाच असते, तिच्यात रबरी कडं, म्हणजे ओ-रिंग. आमचं कडं पातळ आणि वाळलेलं होतं, नळकांड्याच्या भिंतीला लागतच नव्हतं. उपाय दोन. जाड ओ-रिंग घाला, किंवा आहे त्याच ओ-रिंगखाली खाचेत नळजोडणीची पांढरी टेफ्लॉन टेप दोन-तीन वेढे गुंडाळा, म्हणजे कडं थोडं वर उचललं जातं. आम्ही टेपच वापरली. वेढे जास्त झाले तर दट्ट्या अडकतो, म्हणून एकेक वेढा घालून हातानं सरकवून बघायचं.

मग वंगण. इथं लोक चुकतात. गाडीचं ग्रीस, व्हॅसलीन, खोबरेल, जे हाताला लागेल ते फासतात. सायकलच्या पंपातल्या चामडी वायसरला तेल चालतं, उलट लागतंच. पण रबराच्या कड्याला पेट्रोलियमपासून केलेलं वंगण लावलं की काही जातींचं रबर फुगतं आणि काही प्लॅस्टिकला तडे जातात. सिलिकॉन ग्रीस वापरा. आरओ वॉटर फिल्टरची दुरुस्ती करणाऱ्याकडे मिळतं, फिल्टरच्या डब्याच्या कड्याला ते तेच लावतात. वाटाण्याएवढं पुरे.

दुसरी गळती गोळी बसते तिथं असते. नळी गोळीपेक्षा मोठी असली की हवा गोळीच्या बाजूनं पुढं निघून जाते. नेहमीच्या गोळीची जाडी साधारण १३ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच. गोळी नळीत घालून मागून तोंडानं फुंका. ती हलकेच सरकत बाहेर आली पाहिजे. नुसती खाली वाकवल्यावर घसरत असेल तर ढिली, फुंकून गाल दुखले तरी हलत नसेल तर घट्ट. नळीसाठी गरम पाण्याच्या पाइपचे तुकडे बरेच जण वापरतात, पण 'अर्धा इंची' म्हणून मिळणाऱ्या पाइपचं आतलं भोक कंपनीगणिक आणि जाडीगणिक वेगळं असतं. गोळी खिशात घालूनच दुकानात जा आणि घालून बघा. दुकानदार हसेल, हसू द्या.

वेग मोजायचा कसा

'लई लांब गेली' हे माप नाही. पोरांना मोजायला लावा, त्यांचा अर्धा दिवस त्यातच जातो आणि खिडक्या वाचतात.

भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवा. नळीच्या तोंडापासून भिंतीपर्यंत बरोबर ५ मीटर मोजा. मोबाईल बंदुकीजवळ ठेवून आवाज रेकॉर्ड करा आणि गोळी झाडा. रेकॉर्डिंग कोणत्याही फुकट ॲपमध्ये उघडलं की दोन टोकं दिसतात, एक चापाचा आवाज, एक गोळी कागदावर लागल्याचा. मधला वेळ मोजा. भिंतीवरचा आवाज परत मोबाईलपर्यंत यायला दीड शतांश सेकंद लागतो, तो वजा करा. आमचा पहिला आकडा ०.४३ सेकंद आला. वजाबाकी करून ५ ला भागलं तर सेकंदाला १२ मीटर. टेप आणि ग्रीसनंतर ०.३१ सेकंद, म्हणजे १७ मीटर. स्प्रिंग तीच, बंदूक तीच, खर्च एकूण ऐंशी रुपये, त्यातले साठ ग्रीसचे, आणि ते ग्रीस अजून पाच बंदुकांना पुरेल.

आता इथं थोडं गणित करू, कारण खरी गोम इथं आहे. गोळीचं वजन साधारण १ ग्रॅम. तिची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १२ मीटरला ती ०.०७ ज्यूल, १७ मीटरला ०.१४ ज्यूल. वेग दीडपटही झाला नाही, पण मार दुप्पट झाला. वेग दुप्पट केला तर मार चौपट. अंतर मात्र त्या हिशोबात वाढत नाही. स्पंजची गोळी हलकी, हवेचा अडथळा तिला लगेच धरतो. म्हणजे कडक स्प्रिंग घातल्यावर लांबच्या ग्लासावर जेवढा फरक पडतो, त्याहून कितीतरी जास्त फरक जवळ उभ्या असलेल्या पोराच्या चेहऱ्यावर पडतो.

तुलनेला सांगतो. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलनं २०२२ मध्ये ज्या १० मीटर एअर रायफल प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवलं, त्या रायफलचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा आणि ऊर्जा ७ ज्यूलच्या आसपास. आपलं खेळणं त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पण डोळा म्हणजे कागदाचं टार्गेट नाही.

लांब नळीचा मोह

भाच्याची पुढची मागणी नळी लांब करायची. त्यानं कलबुर्गीच्या किल्ल्यातली बारा गजी तोफ सहलीत पाहिलेली. सुमारे २९ फूट लांब सांगतात, जगातली सगळ्यात लांब तोफ असा दावा तिथले लोक अभिमानानं करतात. "एवढी लांब म्हणूनच लांब जात असेल ना गोळा?"

प्रश्न बरोबर, पण बंदूक वेगळी. तोफेत दारू जळून प्रचंड वायू तयार होतो आणि गोळा नळीत पुढं जातो तेव्हाही तो रेटत राहतो. आपल्या खेळण्यात हवा मोजकी. आमचं नळकांडं आतून ३ सेंटिमीटर रुंद, दट्ट्याची धाव ६ सेंटिमीटर. म्हणजे एकूण हवा ४२ घनसेंटिमीटर. १३ मिलिमीटरच्या नळीचं दर १० सेंटिमीटरला घनफळ १३ घनसेंटिमीटर. फूटभर नळी लावली की नळीतच ४० घनसेंटिमीटर जागा झाली. गोळी तोंडाशी पोचेपर्यंत दाब संपलेला, उरतं फक्त घर्षण. गळती धरली तर शेवटच्या टप्प्यात हवा गोळीला मागं ओढते सुद्धा.

आम्ही लावून पाहिली. फूटभर नळीला वेग १७ वरून १३ वर आला. मग इंच-इंच कापत गेलो. १२-१३ सेंटिमीटरच्या आसपास सगळ्यात चांगला आकडा मिळाला, म्हणजे नळीची जागा नळकांड्याच्या साधारण ४० टक्के. तुमच्या बंदुकीला वेगळा येईल. कापून बघणं हाच उपाय, आणि कापताना कड घासून गुळगुळीत करा, नाहीतर स्पंज सोलला जातो.

गोळीचंही ऐका. जुनी, चेपलेली, मधोमध वाकलेली गोळी कोणत्याही बंदुकीतून वाकडीच जाणार. वजन पुढच्या टोकात असेल तर गोळी सरळ जाते, बॅडमिंटनच्या फुलासारखं. अर्ध्या लांबीच्या गोळ्या आता मिळतात, त्यांना नळीत घर्षण कमी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गच्चीवर विसरलेल्या गोळ्यांचा डिंक सुटून टोक निघून येतं, तशी गोळी फेकून द्या, चिकटवत बसू नका. सुटलेलं टोक म्हणजे छर्राच.

ज्या गोष्टींना हात लावू नये

बऱ्याच बंदुकांत गोळी बसते त्या जागी मागं एक बारीक खुंटी किंवा झडप असते. गोळी नसेल तर ती हवा अडवते. मोबाईलवरचे व्हिडिओ सगळ्यात आधी हीच काढायला सांगतात, कारण ती काढली की हवा मोकळी जाते आणि वेग वाढतो. वाढतो, खोटं नाही. पण तिची दोन कामं आहेत. एक, बंदूक रिकामी झाडली तर दट्ट्यापुढं हवेची गादी राहते आणि तो आदळत नाही. दुसरं, गोळीशिवाय दुसरी वस्तू, खडा, खिळा, पेन्सिलीचा तुकडा, आत घालून उडवता येत नाही. मोठ्यांच्या हातात एकवेळ ठीक, पोराच्या बंदुकीतली ती खुंटी राहू द्या.

हे मी शहाणपणानं सांगत नाही. आम्ही काढली होती. तिसऱ्या दिवशी रिकामी झाडून झाडून दट्ट्याचं टोक तुटलं.

स्प्रिंगचंही तसंच. स्कूटर दुरुस्तीवाल्याकडून पोरानं एक स्प्रिंग पैदा केली. बसवली, दोनदा चालली, आणि ज्या प्लॅस्टिकच्या दातावर दट्ट्या अडकतो तो दात सटकला. दांडा ओढलेला, बोट आत, स्प्रिंग सुटली. नख काळं झालं, त्यावर भागलं. स्प्रिंग वाढवायची तर दात, चाप, कवच सगळंच मजबूत लागतं. जत्रेतल्या बंदुकीचं प्लॅस्टिक त्यासाठी ओतलेलं नसतं.

पंपाच्या जातीत एक वेगळा धोका आहे. टाकीला एक सुटका-झडप असते, दाब ठरावीक मर्यादेबाहेर गेला की हवा फुस्स करून सोडते. पोरं ती डिंकानं बुजवतात, म्हणजे जास्त पंप मारता येतो. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह खिळा ठोकून बंद करण्यासारखं आहे हे. तसंच पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर टाकी भरणं, किंवा पीव्हीसी पाइपची टाकी घरी बनवणं. पाइपवर छापलेला दाब पाण्याचा असतो. पाण्याच्या दाबानं पाइप फुटला तर चिरतो आणि पाणी वाहतं. दाबलेल्या हवेनं फुटला तर ती एकदम पसरते आणि पीव्हीसीचे धारदार तुकडे चहूकडे उडतात. नळी म्हणून पाइप चालतो, टाकी म्हणून कधीच नाही. बॅटरीच्या बंदुकीत जास्त ताकदीचे लिथियम सेल घालण्याबद्दल एवढंच, की साध्या सेलसाठी केलेल्या वायरी त्यानं तापतात आणि वितळतात.

आणि कार्बाइड गनला यात मिसळू नका. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि मध्य प्रदेशातल्या इतर गावांत पाइपच्या त्या देशी बंदुकांनी शंभरावर लोकांचे, मुख्यतः पोरांचे, डोळे जखमी केले, काहींची दृष्टी गेली. माकडं आणि पाखरं हाकलायला शेतात वापरायची वस्तू खेळणं म्हणून विकली गेली. तिच्यात दाबलेली हवा नसते, पेटणारा वायू असतो. बाहेरून दोन्ही पाइपच दिसतात, म्हणून गावातल्या दुकानात 'पाइपची बंदूक' मागणाऱ्या पोराला काय मिळतंय ते बघा.

डोळा

आमच्या गल्लीतला प्रकार सांगतो. सुट्ट्या गोळ्या घेतल्या होत्या, पन्नासच्या पिशवीतल्या, टोक कडक. शेजारचं पोर दाराआडून डोकावलं आणि गोळी डोळ्याखाली, हाडावर लागली. बोटभर वर असती तर? त्याची आई तावातावानं आली, रास्तच होतं. माझी बहीण फोनवर म्हणाली, "दादा, तू मोठा असून त्याच्यासोबत खेळत बसलास?" उत्तर नव्हतं.

लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये अशाच स्पंज-गोळ्यांनी दुखापत झालेले तीन रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात मांडले. त्यात एक ११ वर्षांचा मुलगा, बाकी दोघं मोठी माणसं. तिघांच्याही डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रक्त उतरलं होतं. बंदुका दुरुस्त केलेल्या असायलाच लागतात असं नाही, आणि स्वस्त नकली गोळ्यांचं टोक जास्त कडक असतं याकडेही त्यांनी लक्ष वेधलं होतं.

गोळी डोळ्याला लागलीच तर चोळू नका, दाबू नका, बर्फाचा खडा थेट डोळ्यावर ठेवू नका. पोराला बसवून ठेवा, डोकं वर राहू द्या. डोळ्यापुढं धक्का लागणार नाही अशी वाटीसारखी आड करा, डोळ्यावर टेकवायची नाही. ॲस्पिरिन देऊ नका, रक्त वाढतं. आणि 'दिसतंय ना, मग झालं' म्हणून घरी बसू नका. आतलं रक्त बाहेरून दिसेलच असं नाही, डोळ्यातला दाब नंतर वाढू शकतो. त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. जवळचं कोणी नसेल तर बिदरचं ब्रिम्स, कलबुर्गीचं जिम्स, पलीकडे लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, सोलापूरचं डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. सीमेवरच्या माणसानं यात राज्य बघू नये, एसटी आधी कुठली लागते ते बघावं.

चष्मे घ्या. हार्डवेअरच्या दुकानात वेल्डिंगवाल्यांसाठी नाही, ग्राइंडरवाल्यांसाठी जे पारदर्शक चष्मे मिळतात ते, बाजूनं बंद असलेले. आमच्याकडे आता नियम आहे, चष्मा नसेल त्यानं अंगणात यायचं नाही. माझी आई तुळशीला पाणी घालायला येते तेव्हा खेळ बंद होतो, कारण ती चष्मा घालणार नाही असं तिनं स्पष्ट सांगितलंय.

घेतानाच बघायचं

१ जानेवारी २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. बॅटरी नसलेल्या खेळण्यांसाठी आयएस ९८७३, बॅटरीच्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४. नोंदणीकृत कारागीर आणि भौगोलिक मानांकन असलेली खेळणी, जशी आपली चन्नपट्टणची, यातून वगळली आहेत. कायदा केंद्राचा, त्यामुळे भालकीत एक आणि देवणीत एक असं नाही. चिन्हाखाली परवान्याचा क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' ॲपवर टाकला की कंपनीचं नाव येतं. नाव आलं नाही तर चिन्ह छापखान्यातलं समजा. आमच्या जत्रेतल्या बंदुकीवर चिन्हच नव्हतं, हे मला चौथ्यांदा खोलताना लक्षात आलं.

फेकल्या जाणाऱ्या गोळीची ऊर्जा आणि तिच्या टोकाचा मऊपणा या मानकात तपासला जातो. तुम्ही स्प्रिंग बदलली, खुंटी काढली की तपासलेली वस्तू उरत नाही, मग पेटीवर चिन्ह असो नसो.

किमतीचं कोडंही त्यातच आहे. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. म्हणून ब्रँडची बंदूक महाग आणि बिनचिन्हाची स्वस्त. देशात बनवण्याची खटपट आपल्याच भागात चालू आहे. कल्याण कर्नाटकातल्या कोप्पळ जिल्ह्यात भानापूरला बेळगावच्या एकस कंपनीनं खेळण्यांसाठी मोठी औद्योगिक वसाहत उभी केली. प्लॅस्टिक ओतणारे साचे तयार करणं हे त्यातलं खरं कसब, आणि ते शिकलेली पोरं आपल्या आयटीआयमधून निघाली तर बरं होईल. भाच्याला मी तसं म्हटलंही. त्यानं विचारलं, तिथं ओ-रिंग चांगली बसवतात का.

एक किरकोळ पण कामाची गोष्ट. बंदुकीला काळा रंग मारू नका. खरी दिसावी म्हणून पोरं मारतात. आपला भाग सीमेचा, निवडणूक लागली की चेकपोस्ट बसतात, आणि गाडीच्या मागच्या काचेतून काळी नळी दिसली तर पोलिसाला ती स्पंजची आहे हे समजावत बसावं लागतं. निळी-केशरी आहे, तशीच राहू द्या.

भाचा परत गेला तेव्हा बंदुकीत मूळ स्प्रिंग होती, खुंटी परत बसवलेली, दट्ट्याचं टोक एका जुन्या बंदुकीतून काढून लावलेलं. शेवटचं माप ०.३३ सेकंद, म्हणजे सेकंदाला जवळपास १६ मीटर. खुंटीमुळे एक मीटर गेला. आकडा त्यानं बंदुकीच्या बाजूला पेननं लिहून ठेवलाय, आणि बहिणीच्या पिशवीत चार चष्मे घातलेत.